आधी चार माणसं जमव

या वेळचं पत्र परदेशातून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

‘ताई, मी २७ वर्षांची, सांगलीची. आजोबा संगीत नाटकांत ऑर्गन वाजवायचे. त्यांच्याकडे पेटी शिकले, मग पुण्यात पियानो. दोन वर्षं झाली, द हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत कंपोझिशनचं मास्टर्स करतेय, जूनमध्ये संपेल. माझा जीव दोन गोष्टींत अडकलाय, कागदावर लिहिण्यात आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यात. इथले शिक्षक म्हणतात, वाजवण्याच्या नादात तुझं लेखन अर्धवट राहतं. ज्यांच्याबरोबर वाजवते ते म्हणतात, कागद सोड. एका महोत्सवाच्या माणसाने विचारलं, तुझ्या संगीतात भारत कुठे ऐकू येतो? मला उत्तर देता आलं नाही. पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी चालून आलीये, १५ मेपर्यंत कळवायचंय. बाबा म्हणतात, शिकून झालं, आता स्थिर हो. मी कंपोझर व्हायचं की इम्प्रोव्हायझर? इथे थांबू की परत येऊ? आणि यावर पोट भरतं का, हे मला कुणी सरळ सांगत नाही. – ग.’

प्रिय ग.,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तू तो सगळ्यात दबक्या आवाजात विचारला आहेस. फक्त रचना लिहून आणि मैफलीत वाजवून पोट भरतं का? पहिली बरीच वर्षं नाही भरत. पुष्कळांचं पुढेही भरत नाही. अमेरिकन कंपोझर फिलिप ग्लास यांचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा नोव्हेंबर १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, सगळी तिकिटं खपली, आणि त्यानंतरही ग्लास टॅक्सी चालवत होते. त्याआधी त्यांनी नळजोडणीची कामं केली होती. संगीतावर घर चालायला लागलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. तुझ्या वर्गातल्या कुणाला पहिलं मोठं काम मिळेल आणि तुला मिळणार नाही, तेव्हा आपलं काही चुकलं असं तुला वाटू नये म्हणून सांगते.

आता आपल्याकडचं उदाहरण घे. वनराज भाटिया. जन्म १९२७, मुंबईचे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले, मग पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे. तुझ्यासारखेच पाश्चात्त्य कंपोझिशन शिकून परत आले आणि जाहिरातींचे हजारो जिंगल्स केले. ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ यांचं संगीत त्यांचं. ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि २०२१ मध्ये ते गेले त्याआधीची काही वर्षं त्यांच्या हलाखीच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्या वाचून माझ्या पोटात कालवलं होतं. लोक म्हणतात, जिंगल्सनी त्यांचं आयुष्य खाल्लं. मला ते मुळीच पटत नाही. तीस सेकंदांत एक पूर्ण गोष्ट सुरांत सांगता येणं ही फार मोठी तालीम आहे, आणि चित्रपटांतलं त्यांचं काम अजून ताजं वाटतं. त्यांना नव्हती ती दुसरीच गोष्ट. मैफलीसाठी लिहिलेल्या त्यांच्या रचना वर्षानुवर्षं वाजवेल असा संच त्यांच्याभोवती नव्हता. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा पगारी, व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला २००६ मध्ये. तेव्हा भाटिया ऐंशीच्या घरात होते.

त्यांच्याच वयाचे अँथनी गोन्साल्विस. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. मुंबईच्या स्टुडिओत दिवसभर चित्रपटांची गाणी वाजवायचे, अरेंजिंग करायचे, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये या माणसाने स्टुडिओत शेजारी बसून वाजवणाऱ्यांनाच गोळा केलं आणि इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी आपल्या रागांवरच्या स्वतःच्या रचना वाजवून घेतल्या. तो ऑर्केस्ट्रा फार वर्षं टिकला नाही. पण त्यांनी केलं ते नीट बघ. कुणी रचना मागवण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. रोज ज्यांच्याबरोबर वाजवत होते, त्यांच्यासाठी लिहिलं.

ग, मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे. तू विचारतेस लेखन की वादन, हेग की पुणे. मी विचारते, तुझी माणसं कोण? आपल्या भाषेत ‘संगत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, वाजवण्याची साथ आणि माणसांची सोबत. तुझ्या कामात हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत.

तू ज्या संस्थेत शिकतेस तिच्याशी जोडलेला इतिहास तुला कुणी सांगितलाय का? १७ नोव्हेंबर १९६९ च्या संध्याकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमध्ये ऑर्केस्ट्रा वाजवायला लागला आणि प्रेक्षागृहातून टिक-टिक ऐकू यायला लागली. काही तरुण कंपोझर आणि त्यांचे साथीदार दाबलं की वाजणारी पत्र्याची खेळणी घेऊन आत शिरले होते. लुई आंद्रीसन, मिशा मेंगेलबर्ग, राइनबर्ट दे लेऊ, पीटर स्खाट, यान फान फ्लाइमेन. ऑर्केस्ट्रा काय वाजवतो आणि ते कोण ठरवतं, यावर जाहीर चर्चा करा, ही त्यांची मागणी होती. त्यांना बाहेर काढलं गेलं. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती रंगतदार आहे. माझ्या लेखी त्यानंतरची गोष्ट मोलाची. मोठा ऑर्केस्ट्रा आपलं वाजवत नाही ना, मग आपण आपला संच काढू, असं म्हणून ही मंडळी कामाला लागली. १९७२ मध्ये आंद्रीसन यांनी सॅक्सोफोनवादक विलेम ब्रॉइकर यांच्याबरोबर फुंकवाद्यांचा एक संच काढला, त्यात जॅझ वाजवणारे होते. नाव ठेवलं ‘दे फोल्हार्डिंग’. डचमध्ये त्याचा अर्थ चिकाटी.

आणि १९७६ मध्ये तुझ्याच कॉन्झर्व्हेटरीत, आंद्रीसन यांच्या विद्यार्थ्यांच्या वर्गातून ‘होकेटुस’ नावाची रचना आणि त्याच नावाचा संच जन्माला आला. ही रचना ऐकली नसशील तर आज रात्री ऐक. दोन सारखे गट समोरासमोर. दोन्हीकडे पॅनपाइप, पियानो, इलेक्ट्रिक पियानो, बास गिटार, काँगा. एक गट ठोका देतो, दुसरा त्याच्या मधल्या जागेत ठोका देतो. दोघं एकदम कधीच वाजवत नाहीत. एकाच उखळात दोघी आलटून पालटून मुसळ घालतात, तसं. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं, आणि एकीने श्वासभर उशीर केला तर दोघींचे हात आपटतात. कागदावर बघशील तर एका गटाच्या ओळीत काहीच नाही, नुसता एक स्वर आणि एक रिकामी जागा. धून तयार होते ती दोघांच्या मधे. वर्गातली मुलं ती रचना वाजवून थांबली नाहीत, तो संच त्यांनी १९८७ पर्यंत चालवला.

मेंगेलबर्गसुद्धा याच कॉन्झर्व्हेटरीत शिकले. पियानिस्ट होते, रचना लिहायचे आणि आयुष्यभर उत्स्फूर्त वाजवत राहिले. १९६७ मध्ये त्यांनी, ड्रमर हान बेनिंक यांनी आणि याच ब्रॉइकर यांनी मिळून ‘इन्स्टंट कंपोझर्स पूल’ काढला. नाव बघ, तत्काळ रचना करणाऱ्यांची मंडळी. आयत्या वेळी वाजवणं हीसुद्धा रचनाच, फक्त ती सगळ्यांच्या देखत होते, असं म्हणणं त्या नावातच आहे. रेकॉर्ड काढायला कंपनी मिळेना म्हणून त्यांनी स्वतःची काढली. पुढे उत्स्फूर्त वादन करणाऱ्यांनी व्यावसायिक संघटना केली, तिचं आद्याक्षरांचं नाव ‘बिम’, आणि तिच्या रेट्यातून १९७४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका जुन्या फर्निचरच्या गोदामात ‘बिमहाउस’ सुरू झालं. तू आता त्याच्या नव्या जागेत तिकीट काढून बसतेस ना? ते घर वाजवणाऱ्यांनी मिळवलेलं आहे. मेंगेलबर्ग २०१७ मध्ये गेले. शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशामुळे त्यांना वाजवता येत नव्हतं. त्यांचा संच तेव्हाही वाजवत होता आणि ते गेल्यावरही वाजवत राहिला.

ही जुनी गोष्ट झाली असं म्हणशील, तर २०१३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका जुन्या सार्वजनिक स्नानगृहात सुरू झालेलं ‘स्प्लेंडर’ बघून ये. पन्नासेक वादक आणि कंपोझर मिळून ते चालवतात. लोक वर्षाची वर्गणी भरून सभासद होतात आणि प्रत्येक वादक त्यांच्यासाठी वर्षातून एक मैफल मोफत करतो. हेही लक्षात घे की ते सुरू झालं त्याच वर्षापासून डच सरकारने कलांच्या अनुदानात २० कोटी युरोंची कपात लागू केली. अनुदान मिळालं तर घे, अर्ज जरूर कर. पण संसार त्याच्या भरवशावर मांडू नकोस.

मग कंपोझर की इम्प्रोव्हायझर? या प्रश्नावर तू रात्री जागवू नयेस असं मला मनापासून वाटतं. २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात बेथोव्हेनने पियानो, वृंदगान आणि ऑर्केस्ट्रासाठीची ‘कोरल फँटसी’ पहिल्यांदा सादर केली, तेव्हा सुरुवातीचा पियानोचा मोठा भाग त्याने आयत्या वेळी वाजवला. कागदावर तो नंतर उतरवला. बाख, मोझार्ट, सगळे हे करत. नंतरच्या काळात लिहिणारा एक आणि वाजवणारा दुसरा अशी वाटणी झाली, तरी चर्चच्या ऑर्गनपाशी ती पुरती कधीच झाली नाही. ऑलिव्हिए मेसियां १९३१ पासून १९९२ मध्ये जाईपर्यंत पॅरिसच्या सेंट ट्रिनिटी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते. विसाव्या शतकातला एवढा मोठा कंपोझर, आणि रविवारच्या प्रार्थनेत तो आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचा. ती त्यांची नोकरीही होती.

आणि तुझे आजोबा काय करत होते? नाटकातला नट पद म्हणता म्हणता एकदम वेगळीच तान घेतो. ऑर्गनवाला अर्ध्या श्वासाने मागे राहून ती पकडतो, मुखड्याच्या जागी नटाला मोकळं सोडतो आणि समेवर दोघं भेटतात. पद लिहिलेलं, चाल ठरलेली, आणि तरी रोज वेगळं. तुझे कान या तालमीत तयार झालेत. फक्त एक सावधगिरी. आपल्याकडे उपज, म्हणजे गाता-वाजवताना आयत्या वेळी सुचणं, आहेच, म्हणून हे मला आपोआप येतं, असं समजू नकोस. आपली उपज रागाच्या, तालाच्या अंगणात चालते. तुझ्या हेगच्या खोलीत ते अंगण कुणीच आखून दिलेलं नाही. ते चौघापाचांनी पुनःपुन्हा एकत्र वाजवूनच तयार होतं.

शिक्षकांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. तुझं लेखन अर्धवट राहत असेल, तर ते गांभीर्याने घे. आपण वाजवणारी माणसं पुष्कळदा कागदावर मोघम लिहून ठेवतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो, प्रत्यक्षात निर्णय घ्यायचा कंटाळा असतो. अमेरिकन कंपोझर टेरी रायली यांची १९६४ ची ‘इन सी’ ही रचना समोर ठेव. अख्खा स्कोअर, म्हणजे लिहिलेलं संगीत, एका पानाचा. ५३ छोटे तुकडे, कुणीही कितीही जणांनी वाजवावेत. प्रत्येकाने एकेक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा आणि मग पुढच्या तुकड्यावर जायचं, मात्र बाकीच्यांपासून दोन-तीन तुकड्यांहून जास्त पुढे किंवा मागे जायचं नाही. म्हणजे सतत कान शेजाऱ्याकडे. एकच पान आहे, पण त्यात मोघम काही नाही. काय ठरलेलं आणि काय मोकळं हे रायली यांनी पक्कं ठरवलंय. तूही एक पान लिही. ते तुला न ओळखणाऱ्या चार वादकांच्या हातात दे आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहा. आतून जे ऐकू येईल ते तुझं वाटलं, तर लेखन पूर्ण झालं. नाही वाटलं, तर पानावर काय लिहायचं राहिलं ते तुला त्याच क्षणी कळेल.

महोत्सवाच्या त्या माणसाचा प्रश्न. हा प्रश्न मलाही विचारला गेलाय, मी रॉटरडॅमला होते तेव्हा, आणि त्याचा डंख किती दिवस राहतो हे मला माहीत आहे. डच मुलाला कुणी विचारत नाही, तुझ्या संगीतात पवनचक्की कुठे आहे. अर्जात बरं दिसावं म्हणून सतार आणि तबला घालू नकोस. पण चिडून उलट्या दिशेलाही पळू नकोस. रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकायला बसले आणि १९९६ मध्ये गुरू जाईपर्यंत शिकतच राहिले. तोवर ते नावाजलेले होते, तरी पंचवीसहून जास्त वर्षं तंबोऱ्यापाशी बसले. रागाकडे जायचं तर असं जायचं. आणि किराणा म्हटलं की तुझ्या दारातच येतं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. सांगलीहून मिरज किती, बसने अर्धा तास. तिथे तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात कधी बसली आहेस का? नसशील तर पुढच्या सुट्टीत जा. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसेने अगदी हलका हलका घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. मग तारेखाली दोरा सरकवतो. दोरा एका जागी येतो आणि एका तारेतून एकदम सुरांचा झोत उठतो. ती जवारी. १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये काही कंपोझर एका स्वराच्या पोटातले असेच सूर यंत्राने मोजून त्यांवर रचना लिहायला लागले. तुझ्या गावाशेजारचा माणूस ते कानाने करतो. तुझ्या संगीतात भारत असलाच तर तो असा, ऐकण्याच्या सवयीत असेल. तो दुसऱ्याला ऐकू यायला वेळ लागेल, लागू दे.

आता बाबा. तू त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, पण माझं मन तिथेच घुटमळलं. ते ऑर्गनवाल्याच्या घरात वाढलेत. नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले तेव्हा नटांची नावं तरी राहिली, साथीदारांचं काय झालं? ठरलेली बिदागी पुढच्या मुक्कामी, आणि पुढचा मुक्कामच रद्द. तुझ्या घरी नेमकं काय झालं मला माहीत नाही, पण ‘स्थिर हो’ म्हणणाऱ्या माणसाला अस्थिर म्हणजे काय हे बहुधा तुझ्याहून जास्त माहीत आहे. त्यांना कलेचं महत्त्व पटवत बसू नकोस. त्यांच्यासमोर हिशेब ठेव. खोलीचं भाडं किती, विम्याचं किती, शिकवण्यातून किती येतं, किती महिने पुरेल इतके बाजूला आहेत, आणि कोणत्या तारखेला तू थांबून फेरविचार करणार. आकडे कमी असले तरी लपवू नकोस. आणि त्यांना विचार की आजोबांबरोबर कोण कोण वाजवायचं. तबल्यावर कोण होतं, सारंगीला कोण होतं. त्यांना नावं आठवतील.

राहायचं की यायचं. तुझ्यासारख्या परदेशी पदवीधरांना नेदरलँड्समध्ये काम शोधायला एक वर्ष राहता येतं, तिथे त्याला ‘झुकयार’ म्हणतात. या पदवीवर ते एकदाच मिळेल. पण पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही अर्ज करता येतो, म्हणजे पुण्याची नोकरी धरलीस तरी दार लगेच बंद होत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा संस्थेच्या परदेशी विद्यार्थी कक्षात जाऊन ताजी माहिती घे. तरीही माझं मत विचारशील तर हे वर्ष आत्ताच घे. कारण तुझ्याबरोबर वाजवणारी माणसं आत्ता एका गावात आहेत. जूननंतर कुणी लिस्बनला जाईल, कुणी सोलला, आणि दोन वर्षांनी तू परतशील तेव्हा गाव तेच असेल, पण खोली रिकामी असेल.

त्या वर्षात एकच गोष्ट नेटाने कर. चार माणसं निवड. सगळ्यात चांगली वाजवणारी नकोत, बोलावल्यावर येणारी हवीत. महिन्यातला एक वार ठरव, पहिला मंगळवार म्हण. एकच जागा ठरव, मग ती कॅफेची मागची खोली का असेना. दर वेळी एक पान नवीन लिहून ने, ते वाजवा, आणि मग अर्धा तास कागदाशिवाय वाजवा. ऐकायला पहिल्यांदा सात माणसं येतील. त्या सातांचे पत्ते लिहून घे. दर वेळचं रेकॉर्डिंग कर, तारीख घाल.

आणि कोणाचा किती वाटा, हे त्याच दिवशी कागदावर लिहा. हे मी पोळलेल्या हाताने लिहितेय. परत आल्यावर मी एका नृत्यनाट्यासाठी तालमींत बसून उत्स्फूर्त वाजवलं होतं. त्याचं रेकॉर्डिंग झालं आणि पुढची पाच वर्षं त्यांचे प्रयोग त्यावर चालले. पत्रिकेवर माझं नाव नव्हतं. विचारायला गेले तर म्हणाले, तुम्ही लिहिलं थोडंच होतं, नुसतं वाजवलं होतं. माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. तिथल्या ‘बुमा-स्टेम्रा’ या हक्क संस्थेत नाव नोंदव, परत आलीस तर इथे ‘आयपीआरएस’मध्ये. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडे राखून ठेवला आहे, तो सोडून द्यायच्या कागदावर सही करू नकोस.

पोटासाठी शिकव. आणि ऑर्गनकडे परत जा. पायाने भाता मारत वाजवणाऱ्या आजोबांची नात तू, चर्चच्या ऑर्गनवर पायांनी सूर वाजवायला शिकशील. चर्चमध्ये रविवारी साथीला बसणं हे त्या देशात अजूनही काम आहे, त्याचे पैसे मिळतात आणि वाद्य सरावाला मिळतं. हारलेमला ट्रेनने जा, सेंट बाव्हो चर्चमधला १७३८ चा ऑर्गन ऐक, दहा वर्षांच्या मोझार्टने तो वाजवला होता. त्याच गावात १९५१ पासून उत्स्फूर्त ऑर्गनवादनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. जगात अशी माणसं आहेत ज्यांचं कामच हे आहे, हे एकदा डोळ्यांनी बघून ये.

पुढच्या जूनला मोजून बघ. मंगळवार टिकला असेल, माणसं येत असतील, तर तिथे राहायचा पुढचा मार्ग शोधायला तुझ्या हातात काहीतरी असेल. टिकला नसेल तर परत ये, आणि ते अपयश आहे असं मनात आणू नकोस. लिहिणारी आणि वाजवणारी, दोन्ही असलेली माणसं इथे थोडी आहेत. पुण्यात माझ्याकडे एक बरा पियानो आणि एक मोठी खोली आहे.

शाळेला १५ मेच्या आधीच कळव, शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नकोस. लिही की एक वर्ष थांबू शकता का, किंवा पुढच्या वर्षी आठवड्यातले तीन दिवस चालतील का. नाही म्हणाले तर आभार मान. पण विचार जरूर.